तारनाका आणि विजेचा अंदाज

तारनाका हे नाव मी प्रथम वाचले ते मामांच्या आंतर्देशीय पत्राच्या पाठीवर. उत्तर चुकीच्या हाती पडू नये म्हणून ते स्वतःचा पत्ता तीन लिप्यांत लिहीत : मराठीत, इंग्रजीत आणि खाली तेलुगूत. आमच्या देगलूरकडे तार म्हणजे एक तर कुंपणाची, नाही तर पोस्टाची. पोस्टाची तार दारात आली की घरात आधी रडारड सुरू व्हायची आणि मग कोणी तरी ती वाचायचे. अशा तारेच्या नाक्यावर मामा राहतात तरी कसे, हा माझा बालपणीचा प्रश्न होता.

त्याचा उलगडा १९९० साली झाला. इतिहासात एम. ए. करण्यासाठी मी मदनूर, पिटलम करीत एस.टी.ने हैदराबादला पोचलो आणि मामांच्या घरी मुक्काम ठोकला. उस्मानिया विद्यापीठ तिथून पायी जाण्याजोगे. वस्तीतले जुने लोक सांगत की असफजाही काळात इथे कुणा सरदाराची फळबाग होती, तिला तारेचे कुंपण घातले होते आणि राखणीसाठी नाका बसवला होता; म्हणून तारनाका. मामांना ही कथा माहीत होती, पण पसंत नव्हती. ते लालागुड्याकडच्या एका सबस्टेशनात शिफ्ट ऑपरेटर होते. ते म्हणत, "बापू, बागबीग राहू दे. नाका तो हा. तेहतीस हजार व्होल्ट इकडून येतात, अकरा हजार होऊन तिकडे जातात, आणि मधे मी पावत्या लिहीत बसतो."

त्यांच्या 'पावत्या' म्हणजे लॉगबुक. दर तासाला उठायचे, पॅनेलसमोर उभे राहायचे आणि प्रत्येक फीडरचा अँपियर, व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे तापमान, बॅटरीचा दाब हे सारे त्या त्या रकान्यात भरायचे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. रात्रपाळी असली की मामी मला डबा देऊन पाठवी आणि मी तिथेच बाकावर पुस्तक उघडून बसे.

दिवसा माझी बैठक दुसऱ्याच दफ्तरात असे. राज्य अभिलेखागार तारनाक्यातच आहे. शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे फारसी कागद तिथे जपलेले आहेत. मला फारसी येत नव्हते. तिथल्या जाणत्या मंडळींकडून मी समजावून घेत असे. त्यांत 'अर्ज-ओ-चेहरा' नावाचे कागद आहेत. मनसबदाराच्या पदरी शिपाई कोण, त्याचे रंगरूप काय, कपाळावर तीळ आहे की जखमेचा वण, घोडा कोणत्या रंगाचा, त्यावर डाग कोणता, याची ही नोंद. एवढा खटाटोप कशासाठी? कागदावर शंभर घोडे आणि पागेत चाळीस, असा व्यवहार चालत असे म्हणून. घोड्याला डाग देण्याची पद्धत अकबराच्या काळापासून पक्की झाली ती याच कारणाने. मीटरला शिशाचे सील लावतात ते याहून निराळे काय आहे?

अशी माझी दोन वर्षे दोन दफ्तरांमध्ये गेली. लॉगबुक हाही इतिहासाचा कागद आहे, हे मात्र तेव्हा डोक्यात आले नाही. गेल्या काही वर्षांत 'मशिन लर्निंग', 'स्मार्ट ग्रिड' हे शब्द वर्तमानपत्रांत वारंवार येऊ लागले, यंत्र म्हणे आता विजेची मागणी आधीच ओळखते, असे विद्यार्थी येऊन सांगू लागले, तेव्हा मला मामांच्या वह्या आठवल्या. कारण ओळखण्यासाठी यंत्र वाचते काय, तर हीच जुनी लॉगबुके.

हैदराबादच्या विजेचा प्रारंभ निजामी राजवटीतला. हुसेनसागराच्या काठी १९२० साली कोळशावर चालणारे वीजघर उभे राहिले. वाढत वाढत त्याची क्षमता २२.५ मेगावॅट झाली. १९९० च्या दशकात त्याची इमारतही पाडली गेली आणि आज त्या बाजूला एनटीआर गार्डन आहे. शहराला वीज वाटणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय सध्या मिंट कंपाउंडात, म्हणजे निजामाच्या जुन्या टांकसाळीच्या आवारात आहे. आपल्या मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत त्याच संस्थानात होते, तेव्हा हा इतिहास आपलाही म्हणायला हरकत नाही. उजेड राजधानीत आणि कंदील आमच्या आजीच्या घरात, एवढाच फरक.

त्या २२.५ मेगावॅटशेजारी आजचा एक आकडा ठेवून पाहावा. २०२५ च्या मार्च महिन्यात तेलंगणाची मागणी एका दिवशी १७ हजार मेगावॅटच्या वर गेली. म्हणजे हुसेनसागरकाठची साडेसातशे वीजघरे एकाच वेळी चालवायची!

आता विजेचा एक स्वभाव वाचकांनी ध्यानात घ्यावा, म्हणजे पुढचे सारे सोपे होईल. धान्य कोठारात राहते, पाणी तळ्यात राहते. वीज घाऊक प्रमाणात साठवणे आजही महाग आणि कठीण आहे. ज्या क्षणी हवी त्याच क्षणी ती निर्माण झाली पाहिजे, आणि तीही नेमकी तेवढीच. आपल्याकडे विजेचा ठोका सेकंदाला ५० चा. भरलेली गाडी चढाला लागली की बैलांची चाल मंदावते, तसा बोजा वाढला की हा ठोका पन्नासाच्या खाली येतो. उतार लागला की वर जातो. फार खाली किंवा फार वर गेला तर यंत्रे आपापल्या रक्षणासाठी सुटी होतात आणि अंधार पसरतो. म्हणून उद्या संध्याकाळी सात वाजता किती लोक काय लावणार, याचा अंदाज आज करावा लागतो. वीजपुरवठ्याचा इतिहास हा तारांचा आणि खांबांचा तसाच या अंदाजाचाही इतिहास आहे. पण पाठ्यपुस्तकात खांब येतात, अंदाज येत नाही.

मामांच्या काळात हा अंदाज माणसे करीत. कालचा आलेख पाहायचा, गेल्या आठवड्यातला हाच वार पाहायचा, मग आपली अक्कल वापरायची. रमजान असेल तर सहरीच्या वेळी पहाटे दिवे लागणार. आदल्या रात्री खेड्यांकडे पाऊस झाला असेल तर पंप बंद राहणार. क्रिकेटचा सामना रंगात आला की घराघरांतले टीव्ही चालू, आणि संपला की एकदम उतार. मामा सबस्टेशनातले, राज्याचा अंदाज करणारी मंडळी विद्युत सौधात बसत. तरीही आपल्या चार फीडरांविषयी मामांचे ठाम भाकीत असे आणि ते सहसा चुकत नसे. एकदा त्यांनी नुसते आकाशाकडे पाहून सांगितले, "आज आठ वाजता दहा अँपियर कमी." मी आठला पाहिले तर बारा कमी होते. मामांचा चेहरा पडला. दोन अँपियरची चूक त्यांना झोंबली.

शहराचा अंदाज त्या मानाने सोपा. खरी कसोटी शेतीपंपांची. पंपांना गटागटाने, पाळीपाळीने वीज मिळे. त्यांतली एक पाळी हटकून रात्रीची. रात्री विहिरीवर जाऊन बटण कोण दाबणार? म्हणून शेतकऱ्यांनी ऑटो-स्टार्टर बसवले. वीज आली की पंप आपोआप सुरू. सोय झाली खरी, पण पुरवठा सुरू होताच एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठत. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट प्रवाह ओढते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ट्रान्सफॉर्मर जळाल्यावर कळलेले आहेच. तेलंगणाने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्याचे ठरवले, त्याआधी हे ऑटो-स्टार्टर काढा म्हणून गावोगाव सांगावे लागले. वीस लाखांहून अधिक पंप केव्हा चालणार आणि केव्हा थांबणार, हे पाऊस आणि भाताचे पीक मिळून ठरवतात. त्यांच्याकडे वेळापत्रक मागता येत नाही.

इथे आपल्या सरहद्दीच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक हकीकत सांगतो. आपण समजतो की देशभर वीज एकच. तशी ती फार अलीकडे झाली. दक्षिणेच्या जाळ्याचा ठोका आणि उर्वरित भारताच्या जाळ्याचा ठोका कित्येक वर्षे वेगवेगळा होता. तारनाक्यातला पंखा आणि देगलूरमधला पंखा दोन निराळ्या तालांवर फिरत. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १९९७-९८ साली एक केंद्र झाले. तिथे एका बाजूची वीज आधी एकदिश करायची आणि मग दुसऱ्या बाजूच्या तालात पुन्हा फिरवून द्यायची. दोन भाषांच्या मधे दुभाषा बसवावा तसेच हे. वीज इकडून तिकडे जाई, पण ताल मिसळत नसे.

या दुराव्याचा एकदा फायदाही झाला. ३० जुलै २०१२ रोजी उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज गेली. त्या दोन्ही दिवशी दक्षिणेचे जाळे शाबूत राहिले. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि सारा देश एका ठोक्यावर आला. एक टोक जुन्या हैदराबाद संस्थानातले, दुसरे आपले सोलापूर. कानडी आणि मराठी मुलखाला जोडणाऱ्या तारेने देशाचे जाळे एक झाले. दोन राज्यांमधल्या सीमेचा वाद कागदावर चालूच आहे. तार केव्हाच पलीकडे गेली.

जाळे एक झाले म्हणजे चुकीची किंमतही सामायिक झाली. आता प्रत्येक राज्याने उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात किती वीज घेणार ते आधी कळवायचे असते. दिवसाचे असे तुकडे ९६ होतात. (आपल्याकडे हा आकडा कुळांसाठी राखीव आहे असे मला वाटत होते!) कळवल्यापेक्षा कमीजास्त ओढले तर त्याचे पैसे मोजावे लागतात. त्यातच सौरऊर्जा वाढली. रामगुंडमच्या जलाशयावर २०२२ पासून १०० मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प चालतो आहे. पूर्वी केवळ मागणी लहरी होती, आता ढग आला की पुरवठाही लहरी. ९६ तुकडे, लक्षावधी पंप, ढग, सण, परीक्षा. हे सारे एका माणसाच्या डोक्यात मावणे अशक्य झाले, आणि म्हणून यंत्र आले.

यंत्र शिकते म्हणजे काय, हे मी नववीच्या वर्गाला सांगतो त्याच पद्धतीने सांगतो. समजा, मुलाला सूत्र न शिकवता नुसती हजारो गणिते आणि त्यांची उत्तरे दिली. तो पहिल्या गणिताचे उत्तर अंदाजाने देतो. आपण खरे उत्तर दाखवतो. चूक किती झाली ते पाहून तो आपला आडाखा किंचित बदलतो. असे लाखो वेळा केले की सूत्र त्याला तोंडाने सांगता येणार नाही, पण उत्तर जवळपास बरोबर येऊ लागेल. विजेच्या बाबतीत गणित म्हणजे गेल्या काही वर्षांतला प्रत्येक तुकडा, त्या वेळचे तापमान, दमटपणा, वार, सण. आणि उत्तर म्हणजे त्या तुकड्यात खरोखर लागलेली वीज. 'मशिन लर्निंग' हा शब्द आर्थर सॅम्युअल यांनी १९५९ साली आपल्या लेखाच्या मथळ्यात वापरला. ते यंत्राला चेकर्स नावाचा पटावरचा खेळ शिकवीत होते. योगायोग असा की आंध्र प्रदेशचे वीज मंडळही १९५९ सालचेच. आणि १९९१ साली, म्हणजे मी मामांच्या बाकावर बसून नोट्स काढत होतो तेव्हा, अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी जुन्या मागणीच्या आणि तापमानाच्या नोंदी 'न्यूरल नेटवर्क'ला शिकवून एक दिवस पुढचा अंदाज काढून दाखवला. चूक दोन टक्क्यांच्या आसपास आली. मामांचे दहा आणि बारा अँपियर आठवतात? मामांनी ही बातमी वाचली असती तर त्यांना नक्की हेवा वाटला असता.

हैदराबादेत या नव्या व्यवस्थेचा पहिला वाफा जीडिमेटला औद्योगिक वसाहतीत तयार झाला. २०१२ च्या सुमारास देशभरात स्मार्ट ग्रिडचे जे १४ प्रायोगिक प्रकल्प निवडले गेले त्यांत ही वसाहत होती. ग्राहक सुमारे १२ हजार. मीटर वाचायला माणूस जाण्याऐवजी मीटरच आपला आकडा थोड्या थोड्या वेळाने कळवणार, वीज गेली तर तेही तोच सांगणार. एका ट्रान्सफॉर्मरवर किती वीज गेली आणि त्याखालच्या मीटरांची बेरीज किती झाली, हे ताडून पाहिले की गळती कुठे आहे ते दिसते. अर्ज-ओ-चेहऱ्याचेच हे नवे रूप. फक्त घोड्याऐवजी युनिट मोजायचे.

इथवर सारे ठीक. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला विचारावेसे वाटते की हे यंत्र ज्या कागदांवरून शिकते ते कागद कसे तयार झाले? हेडमास्तर माणसाला कागदांचे मोठेसे अप्रूप राहत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने महिनाभराची हजेरी भरलेली मी पाहिली आहे, आणि ती पाहून न पाहिल्यासारखेही केले आहे.

शेतीपंपांचेच घ्या. बहुतेक पंपांना मीटर नाही. मग शेतीला किती वीज गेली हे कोणाला कळणार? यासाठी तिकडे भारतीय सांख्यिकी संस्थेची पद्धत वापरतात. सगळे पंप मोजायचे नाहीत. निवडक ट्रान्सफॉर्मरांवर मीटर बसवायचे आणि त्यांवरून बाकीच्यांचा हिशेब काढायचा. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ साली कलकत्त्यात स्थापन केलेल्या या संस्थेची हैदराबाद शाखा हबशीगुड्यात, तारनाक्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पण तो शेवटी अंदाजच. त्या अंदाजावर यंत्र पुढचा अंदाज शिकणार. शेतीच्या नावावर मांडलेल्या युनिटांत खरोखर पाणी उपसलेले किती आणि वाटेत गळालेले किती, हा प्रश्न तिकडे आहे तसा आपल्याकडेही आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमन होते. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी तिथे अंधाराचे तास जास्त, अशी गटवारी होती. आमची शाळा सीमेवरच्या तालुक्यातली. संध्याकाळी दहावीची मुले शाळेच्या ओट्यावर कंदील घेऊन बसत आणि पलीकडच्या गावात कधी दिवे लुकलुकत, कधी तिकडेही काळोख. आमच्याकडे म्हणत "लाइट गेली", पलीकडे म्हणत "करंटु पोयिंदि", आणि बाजारच्या दिवशी दोन्ही बाजूचे लोक एकमेकांना विचारत की तुमच्याकडे किती तास. त्या फीडरच्या त्या वर्षांतल्या लॉगबुकात संध्याकाळी सात ते दहा या वेळेचा आकडा काय असेल? शून्य.

आता शून्याचे दोन अर्थ होतात. कोणाला वीज नको होती म्हणून शून्य, आणि कोणाला दिली नाही म्हणून शून्य. शेऱ्याच्या रकान्यात कुणी 'भारनियमन' असे लिहिले असेल तर फरक कळेल. शेरा पुसट झाला, किंवा आकडे संगणकात भरताना तो रकाना गाळला गेला, तर यंत्र काय शिकेल? या गावाला संध्याकाळी वीज लागत नाही, एवढेच शिकेल. या विषयातले जाणकार अशी शून्ये आधी बाजूला काढतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या जागी मग काय भरायचे? पुन्हा अंदाज. चाळीस मुले त्या ओट्यावर बसली होती ही नोंद कुठल्याच फीडरवर नाही. अभिलेखागारातही हेच. ज्याने सारा भरला त्याचे नाव कागदावर येते. जो गाव सोडून परागंदा झाला त्याच्या नावापुढे रकाना कोरा. आम्ही इतिहासवाल्यांनी त्या कोऱ्या रकान्यांना बराच काळ ओसाड गाव समजून टाकले होते.

मामांच्या वहीकडे येतो. निवृत्तीनंतर खूप वर्षांनी, एकदा गच्चीवर बसलो असताना त्यांनी मला आपण होऊन सांगितले. १९८० च्या दशकातली एक रात्र. पहाटे तीनला त्यांचा डोळा लागला. उठले तेव्हा चार वाजून गेले होते. तीनचा रकाना रिकामा. त्यांनी आदल्या रात्रीचा तीनचा आकडा पाहिला, त्यात एक मिळवला आणि लिहून टाकला. कोणी विचारले नाही, काही बिघडले नाही. "पण बापू, त्या आकड्यावर रेघ ओढून साहेबांनी आलेख काढला. माझी झोप त्या आलेखात गेली." तेव्हापासून, कामाच्या गर्दीत एखादा आकडा न बघता लिहावा लागला तर ते त्यावर बारीकसे टिंब देत. कुणाला सांगितले नाही. मी विचारले, "मामा, अशी टिंबे किती असतील?" ते म्हणाले, "माझ्या वहीत थोडी. ज्यांनी टिंब दिलं नाही त्यांची किती, ते कसं कळणार?"

५ एप्रिल २०२० ची रात्र वाचकांना आठवत असेल. टाळेबंदी होती आणि रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. भार सांभाळणाऱ्या मंडळींनी दोन दिवस राबून हिशेब केला की मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल. यंत्रांना विचारून उपयोग नव्हता. असा दिवस कुठल्याही वहीत नव्हता. प्रत्यक्षात मागणी ३१ हजार मेगावॅटने खाली आली, म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून अधिक, आणि काही मिनिटांत पुन्हा चढू लागली. जलविद्युत केंद्रांतली माणसे आधीच सज्ज बसली होती. त्यांनी आपली निर्मिती १७ हजार मेगावॅटहून अधिक उतरवली, पुन्हा चढवली, आणि ठोका ४९.७ ते ५०.२६ यांच्या दरम्यान राहिला. कुठेही काळोख झाला नाही. मी साडेनऊला मामांना फोन केला. ऐंशीच्या घरातले मामा घड्याळ समोर ठेवून पंख्याच्या आवाजाकडे कान लावून बसले होते. म्हणाले, "पंखा हलला नाही रे. पाण्यावर कोणी तरी जागा माणूस होता." मामा त्याच्या पुढच्या वर्षी गेले.

आता सबस्टेशने दूरवरून चालवता येतात. बिघाड कुठे झाला ते ओळखायचे, तेवढा तुकडा वेगळा काढायचा आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज द्यायची, हे काम यंत्र काही मिनिटांत करू शकते. पूर्वी याला तासन् तास लागत. हे वाचताना मला सबस्टेशनातली दुसरी वही आठवते. लॉगबुकशेजारी ती वेगळी ठेवलेली असे. तिला सारे 'एल.सी.' म्हणत, म्हणजे लाइन क्लिअर. आपल्याकडे त्यालाच परमिट म्हणतात. लाइनमनला खांबावर चढायचे असेल तर आधी या वहीत नोंद, मग लाइन बंद. काम झाल्यावर त्याने स्वतः येऊन सही केल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. लॉगबुकातली चूक आलेखात जिरते. या वहीतली चूक खांबावर लटकते.

१९९१ च्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. वादळाने एका फीडरवर झाड पडले होते. अर्धे तारनाका अंधारात. फोन सारखा खणखणत होता. लोक तेलुगूत, हैदराबादी हिंदीत, एक जण तर शुद्ध पुणेरी मराठीत मामांचा उद्धार करीत होते. मामा "हो हो", "अवुनु अवुनु", "जी साब" करीत सगळ्यांना शांतपणे उत्तर देत होते आणि ब्रेकरला हात लावत नव्हते. साडेआठच्या सुमारास चिखलाने माखलेला लाइनमन आत आला. "अयिपोयिंदि सार." काम झाले. मामांनी वही पुढे केली, त्याने ओल्या बोटांनी सही केली. मामांनी विचारले, "एंत मंदि?" वर किती जण गेले होते? तो म्हणाला, "मुग्गुरु." तिघे. मामा उठले, खिडकीशी गेले, पाऊस पडत होता म्हणून काच हाताने पुसली. दाराशी एक जण उभा होता. दुसरा सायकलला शिडी बांधत होता. तिसरा हा समोरचा.

मग त्यांनी ब्रेकर ओढला.